अर्धा हिमोग्लोबिन, हरवलेला लिगंड आणि शून्य अणू

तुमच्या अडचणी आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर नक्की कशाचं आहे ते समोर राहील. चार महिने तुम्ही रेणूंच्या रचना पडद्यावर दाखवणारं पायमॉल वापरताय, ट्रॅजेक्टरीसाठी (रेणूच्या हालचालीच्या फ्रेमगणिक नोंदीसाठी) व्हीएमडी. रेणू जवळ आणताना तो मध्येच कापला जातो. हिमोग्लोबिनची रचना उतरवली तर चारऐवजी दोनच साखळ्या दिसतात. सिलेक्शन, म्हणजे ठरावीक अणू निवडायची कमांड, लिहिलं की ‘शून्य अणू’ असं उत्तर येतं. शोधनिबंधात दिलेला रेसिड्यूचा (साखळीतल्या एकेका अमिनो आम्लाचा) क्रमांक फाइलमध्ये सापडत नाही. डॉकिंगनंतर, म्हणजे लिगंड (प्रोटीनला चिकटणारा छोटा रेणू) प्रोटीनमध्ये कसा बसेल याचा संगणकी अंदाज केल्यावर, त्याची एकच पोझ दिसते, तीही प्रोटीनपासून लांब. दोन रचना एकमेकींवर बसवल्या तर एक प्रोग्रॅम आरएमएसडी (जोडीतल्या अणूंमधल्या अंतरांची एक प्रकारची सरासरी) ०.६ सांगतो, दुसरा ३.४. छापायला दिलेलं चित्र धूसर येतं. सिम्युलेशन (अणूंच्या हालचालींची संगणकी नक्कल) चालवून बघताना प्रोटीनचे तुकडे होतात. आणि शेवटी वैतागून विचारलंय: सॉफ्टवेअरच बदलू का?

बदलू नका. बदललंत तर अडचणी त्याच राहतील, फक्त त्यांचे चेहरे बदलतील. रचनेच्या फाइलमध्ये मुळात फार थोडं असतं: अणूचं नाव, तो कुठल्या रेसिड्यूचा, कुठल्या चेनचा (साखळीचा) आणि त्याचे तीन निर्देशांक. पडद्यावर जे बंध, दुहेरी बंध, हेलिक्स, पृष्ठभाग, तुटक रेषांचे हायड्रोजन बंध दिसतात, त्यातलं बरंचसं सॉफ्टवेअरने अंदाजाने काढलेलं असतं. म्हणून काही विचित्र दिसलं की मी तीन गोष्टी याच क्रमाने तपासतो. फाइलमध्ये काय आहे? सॉफ्टवेअरने काय गृहीत धरलं? आणि मी स्वतः काय लपवून ठेवलंय? सॉफ्टवेअरमधला खरा बग ही चौथी शक्यता, आणि तिथपर्यंत जायची वेळ क्वचितच येते. (कमांडांची नावं इथे देवनागरीत देतोय; टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग लागेल.)

सगळ्यात सोपी अडचण आधी संपवू. पायमॉलमध्ये माउसचं चाक झूम करत नाही. बाकी सगळ्या जगात ते झूम करतं, इथे नाही. इथे ते पुढचं आणि मागचं कापणीचं प्रतल जवळ-लांब करतं. तुम्ही चाक फिरवता, दोन प्रतलांमधली जागा अरुंद होते आणि रेणूची एक चकती तेवढी उरते. झूम करायचं तर उजवं बटण दाबून माउस ओढायचा. सगळंच गायब झालं असेल तर ‘झूम’ किंवा ‘रीसेट’ कमांड द्या, प्रतलं जागेवर येतात. मागचे भाग पांढुरके दिसत असतील तर तो खोली दाखवणारा धुक्याचा परिणाम असतो; ‘डेप्थ क्यू’ शून्य केलं की जातो.

आता अर्धा हिमोग्लोबिन. तुम्ही उतरवलेली रचना १एचएचओ (हा पीडीबी या रचनांच्या डेटाबँकेतला तिचा संकेत) आहे, म्हणजे ऑक्सिजनसह असलेलं मानवी हिमोग्लोबिन. स्फटिकशास्त्रज्ञ फाइलमध्ये अख्खा रेणू ठेवायला बांधील नसतात. ते ठेवतात असममित एकक: स्फटिकातला सगळ्यात लहान भाग, ज्याला सममितीच्या क्रिया लावल्या की पूर्ण स्फटिक उभा राहतो. या स्फटिकात हिमोग्लोबिनचा स्वतःचा द्विगुणित अक्ष स्फटिकाच्या अक्षावरच बसलाय. त्यामुळे एक अल्फा आणि एक बीटा साखळी दिली की काम भागतं, उरलेली जोडी गणिताने मिळते. ऑक्सिजनविरहित २एचएचबी उतरवून बघा, तिथे चारही साखळ्या फाइलमध्येच आहेत. म्हणजे दोन्ही फाइल बरोबर आहेत, फक्त एकीत अर्धं गणित तुमच्यावर सोडलंय. उलटही घडतं. प्रोटीन एकेकटं काम करणारं असतं आणि असममित एककात त्याच्या तीन-चार प्रती असतात. मग लोक त्याला टेट्रामर (चार साखळ्यांचा समूह) समजून बसतात.

पायमॉलमध्ये रचना आणण्याआधी ‘असेंब्ली’ (प्रत्यक्षात काम करणारा पूर्ण समूह) ही सेटिंग १ करा आणि मग ‘फेच’ करा. कायमेराएक्स या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘सिम’ कमांडला असेंब्लीचा क्रमांक द्यायचा. पायमॉलमध्ये या प्रती वेगवेगळ्या ‘स्टेट’मध्ये येतात, त्यामुळे अजूनही एकच दिसत असेल तर ‘ऑल स्टेट्स’ चालू करा. आणखी एक खोच आहे: नव्या प्रतीतल्या साखळ्यांची नावंही ए आणि बी अशीच राहतात. चेन ए निवडली की दोन्ही अल्फा निवडल्या जातात. मोजमाप करायचं असेल तर ‘स्प्लिट स्टेट्स’ने वस्तू वेगळ्या करून साखळ्यांना नवी नावं द्या. जुन्या पीडीबी फाइलमध्ये असेंब्लीची माहिती ‘रिमार्क ३५०’मध्ये असते. तिथे लेखकांनी सुचवलेली रचना कोणती आणि प्रोग्रॅमने काढलेली कोणती हेही लिहिलेलं असतं. दोन्हींत फरक असेल तर मूळ शोधनिबंध उघडण्यावाचून इलाज नाही.

शून्य अणूंचं कारण तुमच्या कमांडमध्येच दिसतंय. तुम्ही लिहिलंय ‘चेन ए अँड चेन बी’. बोलताना आपण ‘ए आणि बी साखळी दाखव’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला दोन्ही साखळ्या कळतात. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक अणूला स्वतंत्रपणे विचारतं: तू ए मध्ये आहेस, आणि शिवाय बी मध्येही आहेस? असा अणू नसतोच. इथे ‘ऑर’ हवं, किंवा पायमॉलमध्ये ‘ए अधिक बी’ असं अधिक चिन्ह घालून लिहा.

हे सोडून शून्य येण्याची आणखी कारणं असतात. साखळ्यांच्या नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो. रायबोसोमसारख्या मोठ्या रचनेत मोठं ए आणि छोटं ए या वेगळ्या साखळ्या असतात. रेसिड्यूचा क्रमांक उणे असेल (शुद्धीकरणासाठी पुढे जोडलेल्या टॅगमुळे असे क्रमांक येतात) तर पायमॉल उणे चिन्हाला ‘पासून-पर्यंत’ समजतं, म्हणून त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. पाण्याचं नाव स्फटिक-रचनेत एचओएच असतं, सिम्युलेशनच्या फाइलमध्ये एसओएल, डब्ल्यूएटी किंवा टीआयपी३. हिस्टिडीन हा तर बहुरूपी प्राणी: बलक्षेत्र (सिम्युलेशनमध्ये अणूंमधली बलं ठरवणारी नियमावली) आणि प्रोटॉन कुठे आहे यानुसार तो एचआयडी, एचआयई किंवा एचआयपी या नावाने येतो, आणि एचआयएस शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. व्हीएमडीत ‘रेसआयडी’ म्हणजे फाइलमधला क्रमांक, पण ‘रेसिड्यू’ म्हणजे प्रोग्रॅमने शून्यापासून स्वतः दिलेला क्रमांक. तसंच ‘सिरियल’ एकपासून आणि ‘इंडेक्स’ शून्यापासून. या दोन जोड्यांनी जेवढ्या लोकांना चुकीच्या अणूमधलं अंतर मोजायला लावलंय तेवढं बाकी कशानेच नाही. इथे ‘शून्य अणू’ असा इशाराही मिळत नाही. शेजारचा अणू निवडला जातो आणि आकडा दिसायला अगदी साळसूद असतो.

‘अमुकच्या ५ अँगस्ट्रॉमच्या आत’ असं निवडताना पायमॉलमधल्या तीन शब्दांचा फरक लक्षात ठेवा. ‘अराउंड’ मूळ निवड वगळतो, ‘एक्सपांड’ ती धरून चालतो आणि ‘विदिन’ला दोन्ही बाजू स्पष्ट द्याव्या लागतात. निवडीच्या आधी ‘बायरेस’ (निवड पूर्ण रेसिड्यूपर्यंत नेणारा शब्द) लावायला विसरलात तर अर्धेमुर्धे रेसिड्यू दिसतात आणि खिसा (लिगंड बसतो ती पोकळी) मोडका वाटतो.

क्रमांकांच्या घोळाकडे येऊ. तुम्ही विचारलेलं उदाहरण नेमकं बोलकं आहे. सिकलसेलला कारण असलेला बदल जुन्या लिखाणात बीटा साखळीत ६व्या जागी ग्लुटामेटऐवजी व्हॅलीन असा दिलेला असतो, तर आजच्या जनुकीय अहवालांत तोच बदल ७व्या जागी लिहितात. दोन्ही बरोबर. जनुकातून प्रोटीन बनतं तेव्हा पहिलं मेथिओनिन असतं आणि ते नंतर कापलं जातं. जनुकशास्त्र मेथिओनिनपासून मोजतं, हिमोग्लोबिनची रचना देणारे ते कापल्यानंतर. म्हणून २एचएचबीमध्ये बीटा साखळीच्या ६व्या जागी ग्लुटामेट सापडेल. इथे फरक एकचाच आहे. सिग्नल पेप्टाइड कापलं जाणाऱ्या प्रोटीनमध्ये तो वीस-पंचवीसचा होतो. प्रतिपिंडांमध्ये तर क्रमांकाला अक्षर जोडलेलं असतं, ५२ नंतर ५२ए, कारण तिथे क्रम एका ठरावीक चौकटीत बसवायचा असतो.

त्यात एमएमसीआयएफ या नव्या स्वरूपाच्या फाइलने भर घातली. तिथे प्रत्येक अणूला दोन पत्ते असतात: एक लेखकांनी दिलेला, एक डेटाबँकेने एका नियमाने दिलेला. पायमॉल मुळात लेखकांचा पत्ता वापरतं. ब्राउझरमध्ये चालणारं मोलस्टार दोन्ही दाखवतं, वेगळे असतील तर शेजारी शेजारी. तुमचं सहकाऱ्याशी ‘माझ्याकडे ही साखळी सी आहे’ असं भांडण होत असेल तर बहुधा दोघे वेगवेगळा पत्ता वाचताय. माझी सवय अशी: निबंधातल्या क्रमांकावर विश्वास ठेवण्याआधी त्याच्या आगेमागेचे चार-पाच रेसिड्यू अक्षरांनी जुळवून घ्यायचे. हे एकदा हाताने केलं की फरक किती ते कळतं. शेकडो रचनांसाठी करायचं असेल तर पीडीबी आणि युनिप्रॉट (प्रोटीन-अनुक्रमांची डेटाबँक) यांचे क्रमांक जोडणारा ‘सिफ्ट्स’चा तक्ता आहेच.

क्रमांक खरोखरच नसतो असंही होतं. हलत्या लूपची इलेक्ट्रॉन घनता दिसत नाही, म्हणून तिथे अणू ठेवलेले नसतात. ‘रिमार्क ४६५’मध्ये अशा रेसिड्यूंची यादी असते आणि ‘४७०’मध्ये अर्धवट दिसलेल्यांची. सॉफ्टवेअर तिथे तुटक रेषा काढतं. ती रेषा वाट दाखवत नाही, ‘इथे काहीतरी होतं’ एवढंच सांगते. याच्या उलट प्रकार म्हणजे एकाच साइड चेनच्या (रेसिड्यूच्या बाजूच्या फांदीच्या) दोन जागा नोंदलेल्या असणं. पडद्यावर ते फांद्या फुटल्यासारखं दिसतं आणि डॉकिंगच्या तयारीत हमखास गोंधळ घालतं. पर्यायी जागांपैकी एकच ठेवून बाकीच्या आधीच काढून टाका.

जाता जाता स्वतःचा एक फजितीचा दिवस सांगतो. पीडीबी हे पंच कार्डांच्या काळातलं स्वरूप, ८० रकान्यांचं, आणि त्यात कुठला आकडा कुठल्या रकान्यात हे ठरलेलं. मी एका छोट्या स्क्रिप्टने फाइल लिहिली आणि अणूचं नाव एक रकाना डावीकडे सरकलं. अल्फा कार्बनचं नाव सीए, कॅल्शियमचं नावही सीए. फरक फक्त नाव १४व्या रकान्यापासून सुरू होतं की १३व्या. मूलद्रव्याचा रकाना मी रिकामा ठेवला होता, त्यामुळे सॉफ्टवेअरने नावावरून अंदाज केला आणि माझ्या प्रोटीनचा प्रत्येक अल्फा कार्बन कॅल्शियम झाला. मी दिवसभर सेटिंग्ज चाळत होतो. फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायचं संध्याकाळी सुचलं. याच ठरलेल्या रकान्यांमुळे जुन्या पीडीबीत ९९,९९९ पर्यंतच अणू आणि एका अक्षराचीच चेन मावते; मोठ्या रचना म्हणून फक्त एमएमसीआयएफमध्ये मिळतात.

डॉकिंगचं उत्तर दोन भागांत. एकच पोझ दिसते कारण डॉकिंगचा प्रोग्रॅम व्हिना सगळ्या पोझ एकाच फाइलमध्ये ‘मॉडेल’ म्हणून एकामागे एक लिहितं (न सांगता जास्तीत जास्त ९), आणि पायमॉल त्यांना चित्रपटाच्या फ्रेमसारख्या स्टेट समजतं. खालच्या बाणांनी पुढे जा किंवा ‘स्प्लिट स्टेट्स’ करा. लिगंड लांब तरंगतोय, कारण तुम्ही त्याच्या शेजारी पीडीबीवरून नव्याने उतरवलेलं प्रोटीन उघडलंय. डॉकिंगसाठी तयार केलेलं प्रोटीन मध्ये कधीतरी हललं असणार. बहुतेक तुम्ही ते दुसऱ्या रचनेवर ‘अलाइन’ करून सेव्ह केलं असेल. माउसने फिरवताना फक्त कॅमेरा फिरतो, निर्देशांक तसेच राहतात. पण ‘अलाइन’ निर्देशांकच बदलतं. डॉकिंगला दिलेली रिसेप्टरची (प्रोटीनची) नेमकी तीच फाइल उघडा, लिगंड खिशात सापडेल. तरीही बाहेरच असेल तर शोधपेटीचं (डॉकिंग जेवढ्या जागेत शोधतं तिचं) केंद्र तपासा. ते बहुतेक जुन्या निर्देशांकांवरून घेतलेलं असतं.

पोझ बघताना आणखी एक. डॉकिंगच्या पीडीबीक्यूटी फाइलमध्ये बंधांचा प्रकार लिहिलेलाच नसतो आणि कार्बनवरचे हायड्रोजन काढून टाकलेले असतात. त्यामुळे बेंझिन वलयात दुहेरी बंध दिसले नाहीत तर रेणू बिघडलेला नाही. फॉरमॅट बदलणारी साधनं मात्र या माहितीचा अंदाज करतात आणि कधी कधी तोंडावर पडतात. कार्बोक्सिलेट, नायट्रो आणि नायट्रोजन असलेली वलयं डोळ्यांनी तपासा. लिगंडची मूळ एसडीएफ फाइल जपून ठेवलीत तर बंधांचं सत्य तिच्यात असतं.

आरएमएसडीचा प्रश्न मला तुमच्या यादीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बाकीच्या बहुतेक चुका डोळ्यांना दिसतात आणि ही दिसत नाही. पायमॉलचं ‘अलाइन’ आधी अनुक्रम जुळवतं, मग रचना बसवतं, मग ज्या जोड्या फार लांब राहिल्या त्या टाकून पुन्हा बसवतं. असं ते न विचारता पाच फेऱ्यांपर्यंत करतं. शेवटी जो आकडा छापतं तो टिकून राहिलेल्या अणूंचा. म्हणजे वर्गातली नापास मुलं वगळून काढलेली सरासरी. तुमचे ०.६ हे असे आले. आकड्याशेजारी कंसात किती अणू धरले तेही लिहिलेलं असतं, पण तिकडे कुणी बघत नाही. कायमेराएक्सचं ‘मॅचमेकर’ही २ अँगस्ट्रॉमच्या मर्यादेने जोड्या छाटतं, पण ते दोन्ही आकडे सांगतं: छाटलेल्या जोड्यांचा आणि सगळ्या जोड्यांचा. तुम्ही बहुधा दुसरा आकडा उचललात, ३.४.

मग खरा कोणता? दोन्ही. प्रोटीनचा गाभा जागेवर आहे आणि एखादा डोमेन किंवा लूप बराच हललाय, असं ते दोघे मिळून सांगतात. अहवालात लिहिताना किती अणू, कोणते अणू (फक्त अल्फा कार्बन की सगळे) आणि छाटणी केली की नाही, हे तिन्ही लिहा. पायमॉलमध्ये फेऱ्या शून्य केल्या की छाटणी बंद होते. रचना अजिबात न हलवता सध्याच्या जागांवरच मोजायचं असेल, जसं लिगंडची पोझ स्फटिकातल्या जागेपासून किती दूर आहे, तर ‘आरएमएस कर’ वापरा. पोझ आधी बसवून मग मोजलीत तर डॉकिंगचं यश फुकटात वाढतं. ही चूक मी छापील निबंधांतही पाहिली आहे.

अनुक्रमांत फारसं साम्य नसेल तर ‘अलाइन’ चुकीच्या जोड्या धरतं. तिथे ‘सुपर’ किंवा ‘सीई-अलाइन’. फक्त ‘सीई-अलाइन’मध्ये स्थिर रचना आधी आणि हलणारी नंतर लिहायची असते, ‘अलाइन’च्या बरोबर उलट. असं का, ते विचारू नका, पाठ करा.

अल्फाफोल्डच्या (अनुक्रमावरून रचनेचा अंदाज करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मॉडेलबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या चित्रात मला ते दिसलं म्हणून सांगतो. त्या फाइलच्या बी-फॅक्टरच्या रकान्यात विश्वासाचा गुण असतो, ० ते १००. स्फटिक-रचनेत बी-फॅक्टर जास्त म्हणजे अणू जास्त अस्थिर. इथे आकडा जास्त म्हणजे विश्वास जास्त. नेहमीचा रंगपट लावलात तर सगळ्यात खात्रीचा भाग लालभडक दिसतो आणि बघणाऱ्याला तो डळमळीत वाटतो. रूढ रंग असे: ९०च्या वर गडद निळा, ७० ते ९० फिका निळा, ५० ते ७० पिवळा, त्याखाली नारिंगी. नारिंगी शेवाळ्यासारखे लोंबणारे भाग कार्टूनमध्ये (साखळी पट्टीसारखी दाखवणाऱ्या चित्रात) फार छान दिसतात, पण त्यांच्या आकाराला अर्थ नसतो. त्यांत खिसा शोधू नका.

चित्रांचं आटोपतो. धूसरपणाला औषध पिक्सेलचं, डीपीआयचं नाही. डीपीआय हा फाइलवर लिहिलेला शेरा असतो. ८.५ सेंटिमीटरच्या स्तंभासाठी ३०० डीपीआय म्हणजे ८.५ भागिले २.५४ गुणिले ३००, साधारण १००४ पिक्सेल. ६००ला त्याच्या दुप्पट. ‘रे’ला (बारकाईने चित्र काढणाऱ्या कमांडला) ही रुंदी द्या, आणि लगेच ‘पीएनजी’ करा. मध्ये माउस हलवलात तर रे केलेलं चित्र जातं आणि पडद्यावरचं साधं चित्र सेव्ह होतं. साइड चेन कार्टूनपासून सुटलेल्या दिसतात, कारण कार्टून पट्टी नागमोडी बीटा धाग्याला सपाट करून काढते, अणूंमधून नेत नाही. ‘फ्लॅट शीट्स’ बंद करा आणि ‘साइड चेन हेल्पर’ चालू करा. एका साखळीचा सरफेस मागून फुटका दिसतो, कारण तो अख्ख्या ऑब्जेक्टचा काढून मग तेवढाच भाग दाखवलेला असतो. ‘क्रिएट’ने साखळीचं वेगळं ऑब्जेक्ट करा. आणि पायमॉलचं झटपट विद्युत-विभव छापायला वापरू नका, ते निर्वातातलं गुणात्मक चित्र आहे. त्यासाठी एपीबीएस हा वेगळा प्रोग्रॅम आहे.

तुमच्या चित्रातल्या सात तुटक पिवळ्या रेषांना तुम्ही हायड्रोजन बंध म्हटलंय. त्या अंतर आणि कोनावरून ओढलेल्या आहेत. बहुतेक एक्स-रे रचनांमध्ये हायड्रोजन दिसतच नाहीत, आणि अ‍ॅस्पॅराजिन-ग्लुटामिनच्या टोकाचा नायट्रोजन कोणता आणि ऑक्सिजन कोणता, हे घनतेवरून सहसा ठरवता येत नाही. त्यामुळे कधी दोन ऑक्सिजन एकमेकांकडे तोंड करून बसलेले असतात आणि सॉफ्टवेअर बिनदिक्कत त्यांच्यात रेषा ओढतं. प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांचे अणू बघा, एकाकडे तरी द्यायला हायड्रोजन आहे का? तुमच्या सातपैकी दोन रेषा माझ्या मते गळतील.

राहिली ट्रॅजेक्टरी. प्रोटीनचे तुकडे झालेले नाहीत. सिम्युलेशनची पेटी सगळ्या बाजूंनी स्वतःच्याच प्रतींनी वेढलेली असते. उजव्या भिंतीतून बाहेर पडलेला अणू डाव्या भिंतीतून आत येतो. भौतिकदृष्ट्या काहीच बिघडत नाही. पण व्हीएमडी बंध ठरवतं ते पहिल्या फ्रेमवरून, आणि टोपॉलॉजी (कोणता अणू कोणाशी बांधलाय ते सांगणारी फाइल) दिली नसेल तर निव्वळ अंतरावरून. पुढे तोच बंध पेटीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेला दिसतो. पहिलीच फ्रेम तुटकी असेल तर उलट, असायला हवे ते बंधच तयार होत नाहीत.

सिम्युलेशनचा प्रोग्रॅम ग्रोमॅक्स असेल तर त्याचं ‘टीआरजेकॉन्व्ह’ एकाच फटक्यात सगळं करेल अशी अपेक्षा ठेवू नका. आधी ‘होल’ने तुटलेले रेणू सांधा, मग ‘नोजंप’ने उड्या काढा, मग प्रोटीन मध्यभागी आणून ‘मोल’ने पाणी पेटीत परत गुंडाळा. फिरवून बसवणं, म्हणजे ‘फिट’, सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या फेरीत. फिट केल्यावर रेणू वळतो पण पेटीच्या भिंती वळत नाहीत, त्यामुळे नंतर गुंडाळायला गेलात की पुन्हा फाटतं. अँबर हा दुसरा सिम्युलेशन प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना ‘सीपीपीट्राज’चं ‘ऑटोइमेज’ बहुतेक वेळा पुरतं. मूळ ट्रॅजेक्टरीला हात लावू नका, प्रत्येक पायरीची नवी फाइल करा.

संगणक अडकतो त्याचंही गणित सोपं आहे. व्हीएमडी फ्रेम उलगडून रॅममध्ये ठेवतं, प्रत्येक अणूला तीन आकडे, प्रत्येकी ४ बाइट. १,००,००० अणू आणि १०,००० फ्रेम म्हणजे १२ जीबी, डिस्कवरची दाबलेली फाइल कितीही लहान दिसो. पाणी काढून टाका, दर दहावी फ्रेम घ्या. आणि हेलिक्स सुटत असूनही कार्टून तसंच राहतंय हे तुम्हाला जाणवलं असेलच: व्हीएमडी दुय्यम रचना एकदाच काढतं, फ्रेमगणिक नाही. ‘५ अँगस्ट्रॉमच्या आतलं पाणी’ ही निवडही तशीच गोठलेली राहते, जोवर ट्रॅजेक्टरीच्या टॅबमध्ये दर फ्रेमला निवड ताजी करण्याची खूण तुम्ही करत नाही.

एवढं करूनही तुकडे राहिले, तर तुमचं प्रोटीन डायमर (दोन साखळ्यांची जोडी) आहे हे आठवा. दोन्ही साखळ्या आपापल्या जागी अखंड असतील, पण एक पेटीच्या या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला. ‘होल’च्या दृष्टीने सगळं ठीकच आहे, कारण साखळ्यांमध्ये बंध नाही. ‘नोजंप’ ज्या संदर्भ-रचनेपासून सुरुवात करतं तिच्यातच डायमर जोडलेला असायला हवा. म्हणून ऊर्जा कमी करण्याआधीची, तुम्ही हाताने बांधलेली सुरुवातीची रचना संदर्भ म्हणून द्या. तिच्यात दोन्ही साखळ्या शेजारी असतात. तीही हाताशी नसेल, तर पहिल्या फ्रेमवर ‘क्लस्टर’ (विखुरलेले रेणू जवळ आणणारा ‘टीआरजेकॉन्व्ह’चाच पर्याय) चालवा आणि जे निघेल ते संदर्भ म्हणून वापरा.